बाटलीची मागची बाजू: नैसर्गिक प्रसाधनं आणि घरगुती स्प्रे, नवख्यांसाठी

नवव्या दिवशी बाटलीत शेवाळासारखा एक धागा तरंगताना दिसला. स्प्रेच्या आतल्या नळीला तो गुंडाळलेला होता. गावठी गुलाबाच्या पाकळ्या, उकळून गार केलेलं पाणी आणि दोन चमचे ग्लिसरीन एवढंच त्यात होतं. "एकही केमिकल नाही," असं मी चार जणींना अभिमानाने सांगितलं होतं, आणि आठवडाभर तेच पाणी दुपारी उन्हातून आल्यावर तोंडावर मारत होते. त्याच फळीवर दुकानातलं गुलाबजल होतं. मागच्या बाजूला 'फिनॉक्सीइथेनॉल' वाचून मी ते बाजूला सारलं होतं. ते दोन महिन्यांनंतरही नितळ होतं.

त्या दिवसापासून मी नावं वाचून घाबरणं सोडलं आणि चौकशी करायला लागले. चौकशी हवीच, नैसर्गिक म्हणवणाऱ्या बाटल्यांत काय काय भरलेलं असतं ते कळल्यावर राग येतो. पण ती कुठल्या क्रमाने करायची आणि स्वयंपाकघरातल्या वस्तूंनाही तेच प्रश्न कसे विचारायचे, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. ते इथे लिहिते आहे.

पायरी १: सगळं बाहेर काढा आणि तीन ढीग करा

न्हाणीघरातलं, आरशापुढचं, पर्समधलं सगळं एका चादरीवर मांडा. तेल, शाम्पू, कोरफडीचं जेल, गुलाबजल, काजळ, मेंदीचं पाकीट, टिकल्यांचं पान, उशीवर मारायचा सुगंधी फवारा. नैसर्गिक कुठलं आणि कृत्रिम कुठलं हे तूर्त बाजूला ठेवा. पहिला ढीग धुऊन जाणाऱ्या वस्तूंचा, दुसरा अंगावर राहणाऱ्यांचा आणि तिसरा नाकात जाणाऱ्यांचा, म्हणजे स्प्रेचा.

एकच घटक शाम्पूत दोन मिनिटं असतो आणि क्रीममध्ये दहा तास, म्हणून ही वाटणी आधी. स्प्रेची गोष्ट तर आणखी वेगळी. बारीक थेंब श्वासाबरोबर आत जातात. तळहातावर चोळायला चांगलं असलेलं खोबरेल फवाऱ्यात भरून तोंडासमोर उडवू नये, कारण फुप्फुसात गेलेलं तेल सहजी बाहेर येत नाही. घरात दम्याचं माणूस असेल तर तिसरा ढीग जितका लहान तितकं बरं.

पायरी २: मागचं वाचा

पुढच्या बाजूला पान, फूल आणि 'नैसर्गिक' हा शब्द असतो. प्रसाधनांच्या बाबतीत आपल्याकडे या शब्दाला कायद्यात ठरलेला अर्थ नाही, त्यामुळे तो कुणीही छापू शकतो. मागची बाजू मात्र २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखाली येते. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक तिथे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर, कुठल्याही क्रमाने. म्हणजे यादीच्या शेपटीकडे केशर आधी छापलं आणि रंग नंतर, तरी केशर रंगापेक्षा जास्त आहे असं समजू नका.

ही शेपटी कुठे सुरू होते ते ओळखायची एक युक्ती आहे. फिनॉक्सीइथेनॉल हे संरक्षक, म्हणजे वस्तू नासू नये म्हणून घालतात तो घटक, साधारण एक टक्क्याच्या वर वापरत नाहीत. यादीत ते सापडलं की त्याच्यानंतर लिहिलेलं सगळं जवळजवळ नक्कीच एक टक्का किंवा त्याहून कमी. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत मिरवणारी कोरफड, हळद, चंदन तिथेच सापडतात का पाहा. बऱ्याचदा सापडतात.

आणखी एक फट आहे. ६० मिलिलिटरपेक्षा लहान द्रव बाटली किंवा ३० ग्रॅमपेक्षा लहान डबी असेल तर घटकांची यादी छापण्याची सक्ती नाही. प्रदर्शनातल्या गोंडस छोट्या बाटल्यांवर 'प्रेमाने बनवलेलं' एवढंच का असतं, त्याचं एक कारण हे. मी अशी बाटली यादी मागितल्याशिवाय घेत नाही. विकणारी बाई सांगू शकली नाही तर तिलाही ठाऊक नाही असं धरते.

आता केसांचं तेल हातात घ्या. पुढे बदाम, मागे पहिलंच नाव 'लाइट लिक्विड पॅराफिन' किंवा 'मिनरल ऑइल', आणि बदामाचं तेल पार खाली, असं दिसलं तर ते खनिज तेलात बदाम शिंपडलेलं आहे. शुद्ध केलेलं खनिज तेल विषारी नसतं, लहान मुलांच्या तेलातही ते असतं. माझा आक्षेप त्याच्या कृत्रिमपणाला नाही. बदामाचे पैसे घेतात, त्याला आहे.

कोरफडीच्या जेलचंही तसंच. घरच्या कुंडीतलं एक जाड पान कापा. आधी पिवळा, कडवट, उग्र वासाचा चीक गळतो. तो निथळू द्या, त्याने खाज सुटते. मग साल काढा. आतला गर काचेसारखा बिनरंगी असतो. दुकानातलं पोपटी जेल 'सीआय १९१४०' आणि 'सीआय ४२०९०' या आकड्यांनी हिरवं झालेलं असतं. पहिला आकडा पिवळा रंग, दुसरा निळा. दोन्हींना परवानगी आहे, पण हिरव्या रंगाची कोरफडीला काही गरज नव्हती.

वाचताना उलटी गंमतही होते. 'अझाडिराक्टा इंडिका' म्हणजे आपला कडुनिंब, 'सॅपिंडस' म्हणजे रिठा, 'अकेशिया कॉन्सिना' म्हणजे शिकेकाई. 'टोकोफेरॉल' हे ई जीवनसत्त्व आणि 'अॅक्वा' हे साधं पाणी. नाव उच्चारता येत नाही म्हणून वस्तू टाकून द्यायची असेल तर आधी शिकेकाई टाकावी लागेल.

पायरी ३: अनोळखी नावाला चार प्रश्न

याचं काम काय? प्रमाण किती? अंगावर कुठे आणि किती वेळ राहणार? आणि हे काढलं तर त्याच्या जागी काय येणार?

चौथा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि खरी गोम तिथेच असते. पॅराबेन या संरक्षकांचंच पाहा. २००४ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात स्तनाच्या गाठींच्या २० नमुन्यांत पॅराबेन सापडले. निरोगी पेशींशी तुलना केलेली नव्हती आणि पॅराबेनमुळे गाठ झाली असंही अभ्यासात सिद्ध झालं नव्हतं. पण बातमी पसरायची ती पसरली आणि 'पॅराबेनमुक्त' हा शिक्का विकायला लागला. पॅराबेन काढल्यावर बाटलीतलं पाणी नासू नये म्हणून दुसरं काहीतरी घालावंच लागतं. अनेक ठिकाणी ते मिथाइलआयसोथायाझोलिनोन होतं. त्यानंतर युरोपात त्वचेच्या अॅलर्जीची लाटच आली. अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली त्याला वर्षाचा अॅलर्जीकारक ठरवलं आणि २०१७ मध्ये युरोपीय संघाने अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत त्यावर बंदी घातली. मिथाइलपॅराबेन तिथे ०.४ टक्क्यांपर्यंत आजही चालतं.

पॅराबेन सगळेच साधू आहेत असं मात्र नाही. पॅराबेन हे एक आडनाव आहे, त्या घरात बरीच माणसं. त्यातल्या आयसोप्रोपिल, आयसोब्युटिल, फिनाइल, बेन्झाइल आणि पेंटाइल या पाचांना युरोपने २०१४ मध्ये बाहेर काढलं. प्रोपिल आणि ब्युटिलची मर्यादा आवळली. म्हणून आडनाव वाचून थांबू नका, पहिलं नावही वाचा.

शाम्पूत फेस आणणाऱ्या सोडियम लॉरिल सल्फेटबद्दल १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'याने कॅन्सर होतो' अशा साखळी ईमेल फिरल्या. आज त्याच व्हॉट्सअॅपवर येतात. त्या दाव्यात तथ्य नाही. त्याने त्वचा कोरडी पडते, चुरचुरते हे मात्र खरं. तुमची त्वचा कोरडी असेल तर ते टाळा. 'नारळापासून बनवलेलं' असं लिहिलंय म्हणून भुलू नका, कारण हे सल्फेटही नारळाच्या किंवा पामच्या तेलापासूनच बनतं.

'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' हा एक शब्द मला सगळ्यांत जास्त खटकतो. त्याखाली डझनावारी रसायनं झाकता येतात. युरोपात वासाच्या २६ अॅलर्जीकारक घटकांची नावं वेगळी लिहावी लागत असत, आणि २०२३ च्या नव्या नियमाने ती यादी ८० च्या वर नेली. त्या यादीत लिमोनिन, लिनालूल, युजेनॉल आहेत, म्हणजे लिंबाच्या सालीत, लॅव्हेंडरमध्ये, लवंगेत असतात तेच. त्यामुळे 'फक्त इसेन्शियल ऑइलचा वास' ही अॅलर्जी न होण्याची हमी होत नाही. लॅव्हेंडर किंवा संत्र्याच्या तेलाची बाटली झाकण उघडं ठेवून जुनी झाली की हवेशी संयोग होऊन त्यातले घटक त्वचेला आणखी त्रासदायक होतात. वर्षभरापूर्वीचं संत्र्याचं तेल मी फरशी पुसायच्या पाण्यात संपवते.

पायरी ४: पाणी आहे का ते पाहा

हा सगळ्याचा गाभा आहे, म्हणून थोडं थांबते.

आमची आत्या दिवाळीचं उटणं करते. नागरमोथा, वाळा, गव्हला कचोरा, आंबेहळद, गुलाबपाकळ्या, संत्र्याची साल. काष्ठौषधीच्या दुकानातून आणून, उन्हात कडकडीत वाळवून, गिरणीतून दळून, वस्त्रगाळ करते. ते वर्षभर टिकतं. तिला एकदा म्हटलं, "आत्या, याची क्रीम करून विकूया का गं?" ती म्हणाली, "करशील. दुसऱ्या दिवशी आंबेल." रसायनशास्त्र ती शिकलेली नाही, पण तिचं बरोबर होतं.

जुन्या घरातली प्रसाधनं एकतर पूर्ण कोरडी असत, नाहीतर नुसतं तेल, नाहीतर त्याच वेळी बनवून त्याच वेळी संपवायची. चंदन रोज सहाणेवर उगाळत. रिठे-शिकेकाई रात्री भिजत घालून सकाळी वापरत. माठात वाळ्याची जुडी टाकलेलं पाणी संध्याकाळपर्यंत संपत असे. त्यांत संरक्षक नव्हतं, कारण त्या वस्तूंना वाट पाहायची नव्हती. आपण त्याच वाळ्याचं पाणी बाटलीत भरून महिनाभर पर्समध्ये ठेवू पाहतो आणि वर म्हणतो, आजीच्या काळी कुठे केमिकल होतं?

पाणी असलेल्या प्रत्येक वस्तूत जंतू वाढतात. बुरशी निदान दिसते. स्युडोमोनास जातीचे जिवाणू पाणी नितळ असतानाही वाढलेले असू शकतात आणि डोळ्याला, जखमेला, कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना ते महागात पडतात. म्हणून पाण्याच्या वस्तूवर 'संरक्षकमुक्त' लिहिलेलं दिसलं की मी दचकते. एकतर ते खोटं आहे, नाहीतर काम करणारा घटक दुसऱ्या नावाखाली लपला आहे, किंवा खरंच काही घातलेलं नाही. तिसरी शक्यता सगळ्यांत वाईट.

लपण्याची एक जुनी जागा आहे. 'ग्रेपफ्रूट सीड एक्स्ट्रॅक्ट' हे नैसर्गिक संरक्षक म्हणून विकलं जातं. १९९९ मध्ये जर्मन संशोधकांनी बाजारातले सहा अर्क तपासले. पाचांत बेन्झेथोनियम क्लोराइड हे कृत्रिम जंतुनाशक होतं आणि जंतू तेच मारत होतं. सहाव्यात कृत्रिम काहीच नव्हतं, तर तो जंतू मारतच नव्हता. ई जीवनसत्त्वालाही लोक संरक्षक समजतात. ते तेल खवट होण्यापासून वाचवतं, जंतूंना त्याचं काही वाटत नाही.

युरोपातलं 'कॉसमॉस' हे नैसर्गिक प्रसाधनांचं कडक प्रमाणपत्रसुद्धा बेन्झाइल अल्कोहोल, डिहायड्रोअॅसिटिक अॅसिड, सॉर्बिक अॅसिड अशा मोजक्या प्रयोगशाळेत बनलेल्या संरक्षकांना परवानगी देतं. 'हे वापरलं म्हणजे नैसर्गिक राहिलं नाही' असं म्हणणाऱ्या शेजारणीला एवढं सांगितलं तरी पुरतं.

पायरी ५: इथे खरंच थांबा

एका तासात केस कुळकुळीत काळे करणारी 'हर्बल काळी मेंदी'. मेंदीच्या पानातला लॉसोन हा रंग तांबूस-केशरी असतो, काळा नाही. काळा रंग बहुतेक वेळा पॅरा-फिनिलीनडायअमीनमुळे येतो. पाकिटावर बारीक अक्षरांत ते नाव, आणि 'भुवया-पापण्यांना लावू नये' अशी सूचना असेल. याची अॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते आणि पुढच्या वेळी चेहरा सुजून डोळे मिटेपर्यंत जाऊ शकते. लग्नात हातावर काढायच्या 'काळ्या मेंदी'च्या कोनात तर हे मुळीच नको. तुम्ही जाणूनबुजून केसांना हा रंग लावणार असाल तर ४८ तास आधी कानामागे थोडा लावून पाहा. प्रत्येक वेळी.

नाव-पत्ता, बॅच क्रमांक, उत्पादन परवाना क्रमांक नसलेली गोरेपणाची क्रीम. आठवड्यात उजळपणा येतो तो बऱ्याचदा पाऱ्याने. पारा निसर्गातलाच आहे, तो मूत्रपिंडं निकामी करतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अशा क्रीम वापरणाऱ्यांच्या मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या अनेक केसेस डॉक्टरांनी नोंदवल्या आणि २०२४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. ही क्रीम कुणाच्या घरात असेल तर पुढच्या पायऱ्या नंतर वाचा, आधी ती बंद करा आणि डॉक्टरांना सांगून लघवीची तपासणी करून घ्या.

टिकली चिकटते त्या जागी कपाळावर पांढरा डाग दिसायला लागला तर तो टिकलीच्या गोंदातल्या पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉलमुळे असू शकतो. नुसती टिकलीची जागा बदलू नका, ती टिकलीच सोडा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

पायरी ६: स्वयंपाकघराचीही झडती

घरगुती स्प्रेच्या कृतीत पहिला घटक असतो व्हिनेगर. तुमच्या कपाटातली बाटली काढून बघा. स्वस्त पांढऱ्या व्हिनेगरवर 'सिंथेटिक' असं छापलेलं असेल. अॅसिटिक अॅसिड पाण्यात मिसळून केलेलं व्हिनेगर तसं छापूनच विकावं लागतं, आणि आंबवून केलेलं 'ब्रूड' म्हणून. म्हणजे 'केमिकलमुक्त ओटा-सफाई'ची सुरुवातच कारखान्यातून. ओटा साफ करायला दोन्ही सारखेच चालतात. पण कडप्पा, शहाबादी फरशी आणि संगमरवर हे चुन्याचे दगड आहेत. व्हिनेगर किंवा लिंबाचा फवारा मारला की चकाकी जाते आणि पांढुरके डाग पडतात ते निघत नाहीत. कडप्प्याच्या ओट्याला साध्या साबणाचं पाणी वापरा. ग्रॅनाइट जास्त सोसतो, पण रोजचा व्हिनेगर त्याच्याही पॉलिशला नको.

कापूर. आरतीचा चौकोनी कापूर बहुतेक टर्पेंटाइनमधल्या पाइनिनपासून कारखान्यात बनतो. भीमसेनी कापूर मुळात वेगळ्या झाडाचा आणि वेगळा पदार्थ, बोर्निऑल. दिसण्यावरून कुठला कुठला ते ठरवता येत नाही. कुठलाही असो, लहान मुलाने गिळला तर झटके येऊ शकतात. करोनाच्या काळात कापूर-ओव्याच्या पुरचुंड्या तान्ह्यांच्या उशाशी ठेवल्या गेल्या, ते मला आजही आठवून कसंतरी होतं. तान्हं बाळ असलेल्या खोलीत कापराचा फवारा नको, निलगिरीचाही नको.

तुरटी 'अॅल्युमिनियममुक्त नैसर्गिक डिओडरंट' म्हणून पारदर्शक खड्याच्या रूपात महाग विकतात. तुरटी म्हणजे पोटॅशियम अॅल्युमिनियम सल्फेट. न्हाव्याकडे तोच खडा दाढीनंतर फिरवतात. वापरायला हरकत नाही, अॅल्युमिनियम टाळायसाठी मात्र ती उपयोगाची नाही.

लिंबाचा रस अंगावर फवारून उन्हात जाऊ नका. लिंबूवर्गीय फळांत, विशेषतः सालीच्या तेलात, फ्युरोकुमारिन असतात. ऊन लागलं की त्वचा भाजल्यासारखी होते आणि तपकिरी डाग महिनोन्‌महिने राहतात. खायच्या सोड्याचा काखेत लावायचा फवाराही तसाच फसवा: त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सोडा अल्कधर्मी, आणि आठ-दहा दिवसांत लाल पुरळ उठलेलं मी दोन मैत्रिणींच्या अंगावर पाहिलं आहे.

आणि सुरमा. दगड दळून केलेला, शंभर टक्के नैसर्गिक, पारंपरिक सुरमा बऱ्याचदा गॅलिना असतो, म्हणजे शिशाचं सल्फाइड. उलट 'मिनरल मेकअप'मधला लोहाचा तांबडा-पिवळा रंग मुद्दाम कारखान्यात बनवतात, कारण खाणीतल्या गेरूबरोबर शिसं, आर्सेनिक येऊ शकतं.

डासांचं तेवढं सांगून टाकते. सिट्रोनेला तेलाचा फवारा तास-दीड तासात उडून जातो. गवती चहाची पात पाण्यात भिजवून सिट्रोनेला होत नाही, ती वेगळी वनस्पती आहे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. पावसाळ्यात मुलाला शाळेत पाठवताना मी घरगुती फवाऱ्यावर विसंबत नाही. डीईईटी किंवा पिकारिडिन असलेलं, वयाप्रमाणे चालणारं, अंगाला लावून डास पळवायचं औषध दुकानातून घेते. डीईईटी १९४० च्या दशकात अमेरिकन लष्करासाठी तयार झालं, तेव्हापासून त्याची तपासणी चालूच आहे.

पायरी ७: पहिला स्प्रे

चेहऱ्याचा नको, पडद्या-उशीचा करा. चूक झाली तर अभ्रा धुता येतो.

५० मिलिलिटरची काचेची फवारा-बाटली, ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा (दागिने मोजायला वापरतात तो), औषधाच्या दुकानातलं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, डिस्टिल्ड वॉटर, लॅव्हेंडर किंवा वाळ्याचं तेल, तेल पाण्यात मिसळवणारं पॉलिसॉर्बेट २० आणि संरक्षक म्हणून फिनॉक्सीइथेनॉल-इथाइलहेक्सिलग्लिसरीनचं तयार मिश्रण. शेवटच्या दोन वस्तू साबण बनवायचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतात. आरओचं पाणी जंतुरहित नसतं, ते नको.

बाटली धुऊन आतून अल्कोहोल फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. हे करताना गॅस बंद, देवापुढचा दिवाही विझलेला. छोट्या काचेच्या वाटीत अर्धा ग्रॅम सुगंधी तेल आणि दोन ग्रॅम पॉलिसॉर्बेट एकत्र करा. ते मधासारखं दाट आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. त्यात अर्धा ग्रॅम संरक्षक मिसळा. मग ४७ ग्रॅम पाणी थोडं थोडं, ढवळत. पाणी दुधाळ झालं तर पॉलिसॉर्बेट कमी पडलं. पुढच्या वेळी तीन ग्रॅम घ्या आणि पाणी तेवढं कमी करा. वाळ्याचं तेल घट्ट असतं, त्याला जास्त लागतंच.

पॉलिसॉर्बेट कृत्रिम आहे, अर्धं घराणं नारळाच्या तेलाचं आणि अर्धं पेट्रोलियमचं. मी एकदा ते वगळून पाहिलं. 'हलवून वापरा' असं बाटलीवर लिहून टाकलं की झालं, असं वाटलं होतं. तेल वर तरंगत राहिलं, पाणी खालून संपत गेलं आणि शेवटच्या चार फवाऱ्यांत निव्वळ तेल आलं. पांढऱ्या अभ्र्यावरचे ते चार पिवळे गोल अजून आहेत. हेच अंगावर मारलं असतं तर ते गोल त्वचेवर उठले असते.

संरक्षक घालायचंच नसेल तर तेही करा, पण मग दहा-पंधरा मिलिलिटरच बनवा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. घरात मांजर असेल तर टी ट्री तेलाचा फवारा अजिबात नको. मांजराचं यकृत असले पदार्थ नीट निपटवू शकत नाही आणि ते अंग चाटत असतं.

चेहऱ्यासाठी गुलाबजल विकतच घ्या, असं माझं मत आहे. उत्तर प्रदेशातल्या कनौजला तांब्याच्या देगेत, म्हणजे मोठ्या हंड्यात, गुलाब तापवून वाफ भपक्यात, म्हणजे ती गार होऊन गोळा होते त्या भांड्यात, उतरवतात, तसं काढलेलं असेल तर यादीत 'रोझा डॅमॅसेना' फुलाचं पाणी पहिलं आणि संरक्षक शेवटी दिसेल. 'अॅक्वा, फ्रॅग्रन्स, रंग' असं दिसलं तर ते वास लावलेलं पाणी आहे, उगाच जास्त पैसे देऊ नका.

पायरी ८: एकत्र करायचं नाही ते

व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. संडास साफ करायचं आम्ल आणि ब्लीच यांचंही तेच. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एका बाटलीत ठेवलं की पेरअॅसिटिक अॅसिड, डोळे-नाक जाळणारं. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र केले तर धोका नाही, फक्त फेस येतो आणि दोघांचंही काम संपतं. ती कृती फिरतेच आहे, चालू द्या.

पायरी ९: आधी कोपराच्या आत

नवं काहीही, विकतचं असो की घरचं, कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, सात दिवस. एकदा लावून 'काही झालं नाही' म्हणण्यात अर्थ नाही, अॅलर्जी बऱ्याचदा चौथ्या-पाचव्या दिवशी उमटते. शाम्पूसारखी धुवायची वस्तू असेल तर लावून, एरवी ठेवता तितक्याच वेळाने धुवा.

शेजारणींनी मागितलं म्हणून पैसे घेऊन द्यायला लागलात, की ते प्रसाधन विकणं झालं. त्याला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. बचत गटाच्या स्टॉललाही. उटण्याच्या पाकिटांबाबत आत्याशी माझं यावरून वाजलं आहे. तिने आता पैसे घेणं बंद केलं, डबा भरून पाठवते आणि बदल्यात लोक फराळ देतात.

पायरी १०: चिकटपट्टी

बाटलीवर कागदी चिकटपट्टी लावा आणि बॉलपेनने लिहा, शाईचं पेन पाण्याने पसरतं. काय आहे, कधी केलं, कधी फेकायचं. संरक्षक घातलेला फवाराही मी दोन महिन्यांनी ओतून देते, कारण तो खरंच टिकला का ते तपासायला घरी प्रयोगशाळा नाही. रंग बदलला, वास आंबूस आला, नळीवर काही गुंडाळलेलं दिसलं, तर तारखेची वाट पाहायची नाही.

माझ्या उशाशी आत्ता आहे त्या बाटलीवर असं आहे: 'पाणी, पॉलिसॉर्बेट २०, वाळ्याचं तेल, फिनॉक्सीइथेनॉल, इथाइलहेक्सिलग्लिसरीन. फक्त कापडावर. १२ मार्चला केलं, १२ मेला ओतायचं.'